मास्तरीणबाई आणि पिवळी किल्ली

मास्तरीणबाईंनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती आणि उरलेल्या अर्ध्याला भर रस्त्यात झापलं होतं. खऱ्या शाळेत त्यांनी कधी खडू हातात धरला नाही, पण गाडी शिकवणाऱ्या बाईला आणखी काय म्हणायचं, म्हणून मास्तरीणबाई. त्यांच्या नवऱ्याने तरुणपणी हौसेने गाडी घेतली आणि पहिल्याच चढावर घाबरून ती पुन्हा चालवणार नाही असं जाहीर केलं. दारात उभी गाडी सडून जाईल म्हणून बाई शिकल्या, मग शेजारणीला शिकवलं, मग शेजारणीच्या भावाला, आणि बघता बघता गाडीच्या टपावर पाटी चढली. नवरा गेला त्यालाही बरीच वर्षं झाली. तो शेवटपर्यंत मागच्या सीटवरच बसला.

बाईंची शिकवण्याची पद्धत त्यांची स्वतःची होती आणि तिच्यात देवाने येऊन सांगितलं असतं तरी बदल झाला नसता. दोन सीटांच्या मध्ये बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असे. शिकणारा गाडीत बसला की आधी मोबाईल डब्यात, झाकण घट्ट. मग बाई किल्ली त्याच्या तळहातावर ठेवत आणि म्हणत, "किल्ली ज्याच्याकडे, गाडी त्याची. ठोकलीस तर तू ठोकलीस, मी नाही." यावर कोणी हसलं तर त्या दिवशी त्याला फक्त रिव्हर्स मिळे.

त्यानंतर दिवे. किल्ली अर्धी फिरवली की समोरच्या पट्टीवर दिव्यांची जत्रा लागते, ती सगळी तोंडपाठ म्हणायची. हा तेलाचा, हा बॅटरीचा, हा हँडब्रेकचा. लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे डोकं चालव, हिरवा म्हणजे आपलं काम कर. "गाडी मुकी नसते," बाई सांगत. "तुम्ही बहिरे असता." शिकणाऱ्याचे हातपाय गळाले तर बाईंच्या पायाखाली स्वतंत्र ब्रेक होता, आणि त्याहीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्यांचा हात होता. तो हात कायम किल्लीच्या आसपास असे. गडबड दिसली की मनगट फिरवायचं, इंजिन बंद. त्या एका हालचालीने आपण किती जणांचे प्राण वाचवले याचा हिशेब त्या कोणालाही, न विचारता, सांगत.

मग जुन्या गाडीचा तळ गंजला. इतका, की शिकणाऱ्याला क्लचच्या बाजूने खालचा रस्ता दिसू लागला. मुलाने आईला न विचारता ती विकून टाकली आणि दारात दुसरी आणून उभी केली. तीही कोणीतरी वापरलेलीच, पण चकचकीत. त्याने किल्ली म्हणून आईच्या हातावर झिजलेल्या साबणाएवढी एक काळी डबी ठेवली.

"ही किल्ली?"

"हो. ही नुसती खिशात असली की झालं, आई. बटण दाबायचं, गाडी सुरू."

"आणि खिशात आहे हे गाडीला कसं कळतं?"

"कळतं."

"कसं?"

"सिग्नल असतो गं."

"म्हणजे ही रोज माझे खिसे तपासणार," मास्तरीणबाई म्हणाल्या.

मुलगा ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचा. जगातल्या कुठल्याही बिघाडावर त्याच्याकडे एकच औषध होतं, बंद करून परत चालू करणे. त्याने तेच सांगितलं आणि कामाला गेला. बाई नव्या गाडीत जाऊन बसल्या. हात सवयीने जुन्या जागी गेला, तिथे गुळगुळीत प्लास्टिक होतं. गाडीवाल्यांना ही नसती उठाठेव करायला सांगितली होती कोणी? किल्लीत काय वाईट होतं? घालायची, फिरवायची, काढायची, एवढी साधी गोष्ट होती आणि ती कधी कोणाला कठीण गेली नव्हती.

पण बाई हार मानणाऱ्या नव्हत्या. नियम तेच राहिले. मोबाईल डब्यात. किल्ली, म्हणजे ती डबी, शिकणाऱ्याच्या खिशात. दिव्यांची उजळणी. नव्या पट्टीवर एक जास्तीचा दिवा होता, किल्लीच्या आकाराचा. कधी हिरवा दिसे, बहुतेक वेळा दिसतच नसे. बाईंनी त्याला उजळणीत घेतलंच नाही. किल्ली आहे की नाही हे माणसाला स्वतःला कळत नसेल तर त्याने पायी फिरावं, असं त्यांचं मत होतं.

आता सुनेचं सांगायला हवं, कारण खरं घोडं तिथेच पेंड खात होतं.

सून इस्पितळात परिचारिका होती आणि तिला कायमची रात्रपाळी होती. सकाळी ती घरी यायची तेव्हा तिची लेक शाळेत निघालेली असायची, आणि लेक परत यायची तेव्हा ती झोपलेली. पोरीला शाळेत आईचं चित्र काढायला सांगितलं तर तिने पांघरुणाचं चित्र काढलं. बाईंनी ते फ्रिजवर लावलं नाही, कपाटात ठेवून दिलं. अशात सुनेला दुसरं काम मिळायची संधी आली. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या घरी जाऊन ड्रेसिंग करायचं, औषधं बघायची, सगळं दिवसा. अट एकच, महिनाअखेर गाडीचं लायसन्स हातात पाहिजे. आणि सून परीक्षेत दोनदा नापास झाली होती. एकदा तिने खांबाला धक्का दिला, एकदा चढावर गाडी मागे आली. आता महिन्यात एकच परीक्षा उरली होती. ती गेली की काम दुसरीला.

सून नापास होते याचं बाईंना दुःख होतं. माझी सून नापास होते याचं त्याहून जास्त होतं. बाजारात भाजीवालीने विचारलं, "झाली का हो पास?" तर बाईंनी त्या दिवशी भाजीच घेतली नाही. बाहेरची पोरं चुकली तर त्या ओरडून मोकळ्या होत, सून चुकली की मात्र त्यांचा आवाज बारीक आणि धारदार होई. घरचं माणूस म्हणून सवलत दिली असं कोणी म्हणायला नको, हे त्या स्वतःला सांगत. सून ऐकून घेई. "हो आई," म्हणे. पण ते "हो आई" दिवसेंदिवस लहान होत चाललं होतं.

एके सकाळी ती पाळीवरून आली, तोंड धुतलं आणि तशीच गाडीत बसली. चढावर गाडी बंद पडली. परत बंद पडली. पुन्हा पडली तेव्हा बाई म्हणाल्या, "पेशंटला सुईसुद्धा अशीच टोचतेस का?"

सुनेने हँडब्रेक लावला. गिअर काढला. गाडी परत सुरू केली, बहुधा आपल्याला येतं हे दाखवायला. मग दार उघडलं, खाली उतरली, दार नीट मिटलं आणि चालू लागली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"जा जा," बाई काचेला म्हणाल्या, आणि सरकून स्टेअरिंगवर बसल्या. इंजिन चालूच होतं. त्यांनी दिमाखात गाडी वळवली. तेवढ्यात टीं टीं टीं सुरू झालं आणि समोर किल्लीचा दिवा लालभडक पेटला. लाल म्हणजे थांब, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलेलं. पण तेल ठीक, इंजिनचं तापमान ठीक, हँडब्रेक सुटलेला. मग थांबायचं कशासाठी? "ओरड," त्या गाडीला म्हणाल्या. "आज सगळ्यांनी मला डोळे वटारायचं ठरवलंय."

नातीचं खोकल्याचं औषध घ्यायचं होतं. औषधाच्या दुकानाची गल्ली अरुंद. बाईंनी गाडी दुकानासमोर लावली, बटण दाबून बंद केली, औषध घेतलं, येऊन परत बटण दाबलं. काहीच झालं नाही. परत दाबलं. लाल किल्ली नुसती बघत राहिली.

मागे मिनीबस येऊन थांबली. हॉर्न वाजला. मिनीबसचा ड्रायव्हर खाली उतरला, तर तो बाईंचाच शिष्य निघाला. "बाई," तो अदबीने म्हणाला, "क्लच पूर्ण दाबून बघता का?" क्लच! त्याला पहिला क्लच कोणी दाबायला लावला होता? बाईंनी दात ओठ खाल्ले आणि क्लच दाबला. नाहीच. मग दुकानदार आला, त्याने बॉनेटवर थाप मारली. कोणीतरी म्हणालं, पेट्रोल संपलं असेल. तेव्हा कुठे मिनीबसवाल्याने विचारलं, "बाई, किल्ली कुठाय?"

किल्ली सुनेच्या खिशात होती.

हा आणखी एक शहाणपणा. किल्ली बाहेर गेली की गाडी चालत राहणार, फक्त ओरडणार, आणि एकदा बंद केली की परत सुरू होणार नाही. बोंब मारण्यापेक्षा तोंड उघडून सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण शेजारणीला फोन करून सुनेला निरोप द्यावाच लागला, कारण सुनेचा मोबाईल डब्यातच होता. सून चालत आली. गल्लीत एव्हाना अर्धा बाजार गोळा झाला होता. तिने खिशातून डबी काढली, सासूच्या तळहातावर ठेवली आणि एक अक्षर बोलली नाही. "किल्ली ज्याच्याकडे, गाडी त्याची," हे वाक्य ती म्हणाली असती तर बाईंनी भांडून तरी घेतलं असतं. ते मिनीबसवाला म्हणाला, आणि सगळे हसले.

घरी आल्यावर बाईंनी नवा नियम केला. हा नियम फक्त सुनेसाठी. तिच्या धड्याला किल्ली खिशात राहणार नाही. गाडी सुरू झाली की किल्ली मोबाईलांबरोबर डब्यात, झाकण घट्ट, आणि डब्याला बाईंशिवाय कोणी हात लावायचा नाही. बाकीच्या पोरांनी खुशाल खिशात ठेवावी, ती काही रुसून उतरून जात नाहीत.

आणि तेव्हापासून पिवळा दिवा लागला.

सुनेचा धडा सुरू व्हायचा तो चांगला. परीक्षेच्या पद्धतीप्रमाणे ती मध्येच थांबून उतरायची, गाडीभोवती फेरी मारून चाकं बघायची, परत बसून दार लावायची. दार लागलं की टीं टीं, आणि पिवळी किल्ली लुकलुकायला लागायची. इंजिन बंद पडलं तर मग विचारूच नका. बटण दाबलं की पिवळी किल्ली, परत दाबलं की पिवळी किल्ली. सून कपाळाचा घाम पुसायची. बाई चिडून डबा उघडायच्या, फ्यूजवाल्याला फोन लावायला स्वतःचा मोबाईल बाहेर काढायच्या, आणि तेवढ्यात शेजारून हात लांब करून बटण दाबायच्या. गाडी लगेच सुरू.

"बघ," त्या म्हणायच्या. "माझ्या हाताने होते."

फ्यूजवाला म्हणजे गाड्यांची वायरिंग बघणारा इलेक्ट्रिशियन. तोंडात कायम एखादी वायर धरल्यासारखा बोलायचा. त्याने किल्ली खिशात टाकली, गाडी फिरवून आणली, दिवा लागला नाही. किल्लीतला सेल बदलला, परत फिरवली, दिवा नाही. पट्टीमागच्या वायरी उपसल्या, फुंकर मारली, परत बसवल्या.

"गाडीत दोष नाही, बाई."

"मग दिवा काय माझा छळ करायला लागतो?"

"रोज लागतो?"

"सुनेच्या धड्याला लागतो. बाकीच्यांच्या वेळी नाही."

फ्यूजवाल्याने हात पुसले. "मग गाडीचं काय बघू मी? बसणाऱ्याचं बघा," तो म्हणाला आणि निघून गेला. तो हे गमतीने बोलला. बाईंच्या डोक्यात ते जाऊन बसलं.

तरी त्यांनी प्रयत्न सोडला नाही, हे मान्य केलं पाहिजे. गाडीच्या खणातलं जाडजूड पुस्तक काढून त्यांनी चष्मा लावून ते पान वाचलं. लाल किल्ली म्हणजे किल्ली गाडीबाहेर गेली, आणि पिवळी लुकलुकली तर गाडीत किल्ली सापडत नाही असं समजावं. "सापडत नाही?" बाई डब्यावर बुक्की मारून म्हणाल्या. "ही काय इथे बसलीये! तुझ्या मांडीवर ठेवू का आता?" मग मुलाला फोन केला. त्याने आधी बंद करून चालू करायला सांगितलं. मग म्हणाला, "आई, किल्लीच्या जवळ मोबाईल वगैरे असतो का? कधीकधी त्यानेही अडचण होते म्हणतात."

"मोबाईल?" बाई कडाडल्या. "माझ्या गाडीत? एकाच्याही हातात मोबाईल नसतो. सगळे डब्यात असतात."

"मग ठीक आहे," मुलगा म्हणाला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मायलेकांनी मिळून कळसा दोन्ही हातांनी चाचपला आणि परत काखेत ठेवून दिला.

दिवसामागून दिवस जात होते आणि परीक्षा जवळ येत होती. बाईंची झोप उडाली. डोळे मिटले की ती पिवळी किल्ली लुकलुकायची. आयुष्यभर गाडीची भाषा शिकवली आणि आता म्हातारपणी गाडी एकच शब्द बोलतेय, तोही कळत नाही. हा राग काढायला जागा एकच होती, आणि ती रोज सकाळी स्टेअरिंगवर बसत होती.

सुनेने एकदा सांगून पाहिलं. चौकात थांबलेल्या असताना ती म्हणाली, "आई, मघाशी डब्याचं झाकण उघडं होतं ना, तेव्हा दिवा—"

"दिव्याकडे बघू नकोस. रस्त्याकडे बघ."

दुसऱ्यांदा जेवताना बोलली. "वॉर्डात मॉनिटर ओरडायला लागला ना आई, की आम्ही आधी वायर सुटलीये का ते बघतो. पेशंट बहुतेक वेळा बरा असतो. तसं उद्या तो डबा जरा बाजूला ठेवून बघू या का?"

"डबा तुझ्या लग्नाच्या आधीपासून गाडीत आहे," बाई म्हणाल्या. "डबा कुठे जाणार नाही." आणि नातीच्या ताटात भात वाढला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

परीक्षेच्या आदल्या दिवशी पिवळी किल्ली मधल्या रस्त्यात लागली, गाडी बंद पडली आणि सुरू होईना. मागे रांग लागली. बाईंचा तोल गेला. "माझ्याकडे इतकी पोरं येतात," त्या म्हणाल्या, "एकाच्याही वेळी हा दिवा लागत नाही. तू बसलीस की लागतो. गाडीलासुद्धा कळतं कोण बसलंय."

सुनेने यावर "हो आई" म्हटलं नाही. स्टेअरिंगवरचे हात काढून तिने मांडीवर ठेवले, एकावर एक. बाईंनी डबा उघडला, मोबाईल काढला, बटण दाबलं, गाडी सुरू झाली. 

परीक्षेचं मैदान म्हणजे तारेचं कुंपण घातलेली मोठी सपाट जागा. मध्ये आखलेल्या रेघा, एका टोकाला मातीचा चढ, कडेला एक पत्र्याची शेड. शेडमध्ये बाकं, बाकांवर घाम फुटलेली माणसं. परीक्षा घेणारे साहेब उंच, वाळके, आणि कोणी नमस्कार केला तरी घड्याळाकडे बघणारे. शिकवणाऱ्यांनी कुंपणाबाहेर थांबायचं, असा तिथला शिरस्ता.

बाईंनी गाडी रेघेवर आणून लावली आणि बंद केली. सुनेचा मोबाईल डब्यात टाकला, स्वतःचा टाकला, वर किल्ली टाकली आणि झाकण तळहाताने दाबून बसवलं. परीक्षेत तरी फोन वाजायला नको आणि किल्ली खिशात घेऊन ही बया मैदानातून चालती व्हायला नको. "दिव्याकडे बघू नकोस," त्यांनी पुन्हा बजावलं आणि कुंपणाबाहेर जाऊन तार धरून उभ्या राहिल्या.

साहेब शेजारी बसले. सुनेने पट्टा लावला, आरसा पाहिला, बटण दाबलं. टीं टीं.

बाईंना पंचवीस पावलांवरूनही ते ऐकू आलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. सुनेने परत बटण दाबलं. परत टीं टीं. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि हातातला कागद वर उचलला. नापास करायला आणि पुढचं नाव वाचायला त्यांना एकच कागद पुरत होता. बाईंना काचेतून सुनेचा चेहरा दिसत होता, खाली झुकलेला, ओठ घट्ट मिटलेले. ती दिव्याकडे बघत होती. मग तिने काचेतून बाहेर, कुंपणाकडे, सासूकडे पाहिलं. ते बघणं परवानगी मागण्याचं होतं, हे बाईंना फार नंतर कळलं. त्या क्षणी त्यांना वाटलं, ही आता रडणार.

सून रडली नाही. तिने हात खाली नेला आणि डब्याचं झाकण उघडलं.

"अगं, डब्याला हात—" बाई तारेवर ओरडल्या, पण ते त्यांच्या स्वतःशिवाय कोणी ऐकलं नाही. सुनेने दोन मोबाईलांमधून काळी डबी उचलली, आपल्या कुर्त्याच्या खिशात घातली, झाकण परत लावलं आणि बटण दाबलं. गाडी सुरू झाली. टीं टीं नाही, काही नाही. जणू तिला कधी काही झालंच नव्हतं.

मास्तरीणबाई तार धरून उभ्या होत्या. झाकण. पत्र्याचं झाकण, आणि त्याच्याआड कोंडलेला सिग्नल. खिशात असली की दिवा नाही, डब्यात असली की दिवा. बाकीच्या पोरांच्या खिशात, सुनेची डब्यात. आपण मोबाईल काढायला डबा उघडतो, म्हणून आपल्या हाताने होते. सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं, आणि त्या ओळीच्या शेवटी आदल्या दिवशीचं वाक्य होतं. बाईंना इतकी शरम वाटली की त्यांनी तार सोडून दिली आणि परत धरली. नाचता येईना अंगण वाकडं, हे त्यांनी कित्येक पोरांना ऐकवलं होतं. गाडीला दोष दिला, फ्यूजवाल्याला दिला, मुलाला दिला, आणि शेवटी जी रात्रभर दुसऱ्यांची आजारपणं काढून सकाळी आपल्याशेजारी येऊन बसते, तिला दिला.

सुनेने आठचा आकडा काढला. रेघांमध्ये गाडी मागे लावली. चढावर थांबली, आणि गाडी तसूभरही मागे न येता वर गेली. बाईंनी ते पाहिलं, पण आनंद व्हायला त्यांच्या मनात जागा रिकामी नव्हती. साहेब उतरले, घड्याळ न बघता काहीतरी म्हणाले, आणि सुनेने मान डोलावली.

ती गाडी घेऊन फाटकाबाहेर आली. बाई शेजारी बसल्या. डबा दोघींच्या मध्ये होता. त्यांनी तो उचलला आणि मागच्या सीटवर टाकला. आतले मोबाईल खडखडले.

"पास," सून म्हणाली.

"पाहिलं मी."

गाडी मुख्य रस्त्याला लागली. थोड्या वेळाने बाईंनी विचारलं, "तुला कधीपासून कळलं होतं?"

"पहिल्या आठवड्यातच लक्षात आलं."

"मग बोलायचं नाही?"

"बोलले होते, आई. दोनदा."

 चौक आला, दिवा लाल होता, सून थांबली. "तिसऱ्यांदा बोलायचंस," बाई पुटपुटल्या. त्यांना स्वतःलाच ते लटकं वाटलं.

"तिसऱ्यांदा बोलणारच होते, काल." सुनेची नजर समोरच होती. "पण तुम्ही म्हणालात, गाडीलासुद्धा कळतं कोण बसलंय. डब्याचं मला पक्कं माहीत होतं. तरी काल रात्री वॉर्डात बसल्या बसल्या सारखं वाटत राहिलं, की असेलही. माझ्यातच काहीतरी असेल."

दिवा हिरवा झाला. तिने गाडी पुढे घेतली, इतकी अलगद की बाईंना कळलंही नाही. बाईंचा हात सवयीने जुन्या किल्लीच्या जागेकडे गेला होता, तो त्यांनी ओढून मांडीवर घेतला.  आजवर कुठल्याही शिकणाऱ्यापुढे त्यांनी माफीचे शब्द उच्चारले नव्हते, नवऱ्यापुढेही नाही.

"ऐक ना," त्या म्हणाल्या. "काल मी जे—"

"आई," सून म्हणाली, रागाने नाही, अगदी त्यांच्याच सुरात. "गाडी चालवणाऱ्याशी बोलायचं नाही. रस्त्याकडे बघू दे."

हा नियमही बाईंचाच होता.  बाजार गेला, औषधाच्या दुकानाची गल्ली गेली. समोरून येणाऱ्या मिनीबसवाल्याने हात केला, त्याला उत्तर द्यायचंही बाईंना सुचलं नाही. पट्टीवर एकही दिवा नव्हता. घराशी नात शाळेतून येऊन पायरीवर बसली होती, आणि आईला दिवसाउजेडी स्टेअरिंगवर बघून ती उठून उभी राहिली.

सुनेने गाडी भिंतीला नीट समांतर लावली. गिअर काढला, हँडब्रेक ओढला, बटण दाबून इंजिन बंद केलं. बाईंनी पट्टा सोडला नाही. समोर बघत त्या तशाच बसून राहिल्या.

"आता बोलू का?" त्यांनी विचारलं.